ओसी आली की खेचराचं गाणं

पिजन फोर्कच्या खोऱ्यात ओसी स्टँपर जिथे पोचायची तिथलं गाणं बंद व्हायचं. दुकानाच्या ओट्यावर चार माणसं बँजो आणि फिडल घेऊन बसलेली असत. वरच्या वळणापासून तिला सूर ऐकू येत, आणि ती दृष्टीच्या टप्प्यात आली की कोणीतरी खाकरे. त्या खाकरण्याचा अर्थ सगळ्यांना कळे, ओसीलाही. मग बँजोवाला घाईघाईने एका अडेलतट्टू खेचराचं गाणं सुरू करी. त्यात खेचर ओढ्यात फतकल मारून बसतं आणि मालक रविवारचे कपडे घालून त्याला मागून ढकलत राहतो. ओसी मीठ, कॉफी, दोरा काय हवं ते घेई, 'येते' म्हणे आणि चालू लागे. तिने वळण ओलांडलं की खेचराला ओढ्यातच सोडून मंडळी आपल्या मूळ गाण्याकडे परतत, पण तोवर वाटेकडेच्या ओढ्याच्या खळखळाटात शब्द बुडून गेलेले असत.

यात कोणाचा दुष्टावा नव्हता. उलट सगळा चांगुलपणाच होता, आणि चांगुलपणाशी भांडता येत नाही, हीच ओसीची जन्माची पंचाईत.

केंटकीच्या आमच्या या डोंगरांत खुनाची गाणी उदंड. जिच्यावर जीव जडला तिलाच कोणी नदीकाठी नेऊन मारलं, की शेरीफचा घोडा खोऱ्यात पोचायच्या आत गाणं तयार असतं. ज्या मुलीला जिवंतपणी कोणी साधं नाचायला विचारलं नाही, तिच्यावरही मेल्यावर दहा-बारा कडवी होतात. बायका ती लोणी काढताना म्हणतात, पुरुष दुकानाच्या ओट्यावर म्हणतात, पोरं दोरीवरच्या उड्या मारताना म्हणतात. नियम एकच. मेलेलीचे किंवा मारणाऱ्याचे नातलग ऐकू शकतील अशा जागी ते गाणं म्हणायचं नाही. हा नियम कोणी घालून दिला कोण जाणे, पण चर्चमधल्या नियमांपेक्षा तो कडक पाळला जातो.

ओसी दोन्हीकडची नातलग होती. मेली तिची आई, आणि मारणारा तिचा बाप.

खरं तर तिच्यासमोर आईचं गाणं तेवढं टाळलं असतं तरी चाललं असतं. पण खुनाची सगळी गाणी एकमेकींच्या बहिणी. एकीची चाल दुसरीसारखी, तिसरीचं कडवं चौथीच्या तोंडी. चुकून जीभ घसरली तर काय घ्या, म्हणून लोकांनी तिच्यापुरत्या सगळ्याच मारलेल्या मुली बाजूला ठेवल्या. त्या काढून घेतल्यावर आमच्या गाण्यांत उरतं काय? ते खेचर. पन्नाशी उलटेपर्यंत ओसीने ते इतक्यांदा ऐकलं होतं, की ओढ्यात बसलेल्या त्या जनावराची तिला कीव येऊ लागली होती.

घडलं ते ओसी जेमतेम चार वर्षांची असताना. तिचा बाप एनोस स्टँपर लाकूडतोडीला जायचा. एके वर्षी उतारावरून सुटलेला ओंडका त्याच्या डोक्याला लागला. जखम भरली, पण आतलं काहीतरी हललं ते हललंच. त्याला भिंतींतून टकटक ऐकू येऊ लागली. कोणीतरी आत आहे म्हणायचा, बायकोने आत घेतलंय म्हणायचा. रात्र रात्र भिंतीला कान लावून उभा राहायचा, आणि दिवसा कुऱ्हाडीने फळ्या उचकटून बघायचा. बायकोने, ऑर्फाने, वर्षभर ते सोसलं. मका कापायच्या दिवसांत एका सकाळी तो हातात कोयता घेऊन तिच्यामागे शेतात गेला. पुढचं सांगायची गरज नाही, ते गाण्यात आहे. एनोसला राज्याच्या वेड्यांच्या इस्पितळात नेलं. तिथे तो बरीच वर्षं जगला, पण कोणाशी एक शब्दही बोलला नाही.

ओसीला आर्मिल्डामावशीने वाढवलं. मावशी प्रेमळ होती, पण मेलेल्या बहिणीचा विषय निघाला की तिचे ओठ शिवल्यासारखे मिटत. ओसीने लहानपणी फार हट्ट केला तेव्हा एकदाच म्हणाली, "केस काळे होते तिचे, तुझ्यासारखे. साबण घोटून घोटून हात रापले होते. झालं समाधान? आता पुढचं विचारू नकोस." आईचा फोटो नव्हता. ओसीने डोळे मिटून पुष्कळ शोधलं, पण आतही काही सापडत नव्हतं. चेहरा नाही, आवाज नाही, काहीसुद्धा नाही.

तरुणपणी अर्व्हिल नावाचा एक मुलगा तिला चर्चपासून घरापर्यंत सोबत करायचा. चार-सहा रविवार गेले आणि तो यायचा थांबला. त्याच्या आईने सांगितलं होतं म्हणे, की वेड रक्तातून उतरतं, आज नाही तर उद्या तिलाही भिंती बोलू लागतील. ओसीला राग आला नाही, भीती वाटली. तेव्हापासून रात्री लाकूड आकसून घराची फळी जरा वाजली तरी ती उठून बसायची आणि स्वतःलाच मोठ्याने सांगायची, "फळी आहे. फळीच आहे." ऐकायला दुसरं कोणी नव्हतं.

माणसांत मिसळून गायला तिला एकच जागा होती, ती म्हणजे चर्च. आमच्या जुन्या बाप्टिस्टांच्या चर्चमध्ये वाद्य चालत नाही, आणि पूर्वी पुस्तकंही नसत. म्होरक्या एक ओळ भरभर म्हणून देतो, थांबतो, आणि मग सगळे ती ओळ उचलून, लांबवून, घोळवून गातात. मग पुढची ओळ. ज्याला भजन येत नाही त्यालाही असं गाता येतं. तिथे ओसीला बघून कोणी खाकरत नसे. रविवारी दोन तास ती सगळ्यांसारखी असायची. मग बाहेर अंगणात बायका आपापल्या पोरांना हाका मारत, आणि ती एकटी डोंगर चढून घरी जाई.

पुढे शाळेत पोरांना दुपारचं जेवण देण्याची व्यवस्था झाली, तेव्हा ओसी तिथे स्वयंपाकाला लागली. सोबतीला झेला फ्युगेट. दोघी बरोबरीच्या, एकाच खोऱ्यातल्या. घेवड्याचं मोठं पातेलं, मक्याचा पाव, उकडलेले बटाटे यांतच दोघींची वर्षं गेली. झेला बोलकी, ओसी मोजकं बोलणारी, त्यामुळे जमायचं. ओसीची एक खोड मात्र शाळेत सगळ्यांना ठाऊक होती. थंडीचं पहिलं दहिवर पडून गवत पांढरं झालं की ती दारातच उभी राहून पोरांच्या पायांकडे बघायची. कोणी अनवाणी आलं की तिचा पारा चढायचा.

"जोडे कुठे आहेत तुझे?"

"फाटले."

"मग घरी सांगता येत नाही? जीभ पण फाटली का?"

आणि मग चुलीमागच्या खोक्यातून जुने जोडे काढून, आत वर्तमानपत्र कोंबून, स्वतः त्या पोराच्या पायात घालायची. ती स्वतःही भर उन्हाळ्यात लोकरी मोजे घालून झोपायची. पाय गार पडतात, म्हणायची. झेला त्यावरून तिची थट्टा करी. "मेल्यावर तुला जोडे घालूनच पुरावं लागणार बघ." ओसी हसायची. आपल्याला हे कुठून लागलं याचा तिने कधी विचार केला नव्हता.

आईचं गाणं आपण ऐकावं ही इच्छा तिला नेमकी कधी झाली ते सांगता येणार नाही. आधी तिला त्या गाण्याची धास्ती होती. पण एका उन्हाळ्यात घेवड्याच्या शेंगा निवडायला सगळे एका अंगणात जमले होते. डोंगरापलीकडून आलेला एक परका तरुण बँजो घेऊन बसला, आणि त्याला बिचाऱ्याला काही माहीत नसल्यामुळे सुरू झाला:

ऐका डोंगरच्या पोरींनो, ऐका जरा थांबून,
ऑर्फा गेली मक्यामध्ये, आली नाही परतून

एवढ्यात कोणीतरी झडप घालून तारांवर हात ठेवला. त्या तरुणाच्या कानात काहीतरी सांगितलं गेलं आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. ओसी म्हणाली, "म्हणू दे त्याला." कोणी वर बघितलं नाही. ती पुन्हा म्हणाली, "मी सांगतेय ना, म्हणू दे." मग कोणीतरी खेचर काढलं.

त्या दिवशी तिने आईचं नाव दुसऱ्याच्या तोंडून चालीवर ऐकलं होतं. तिच्या डोक्यातून ते जाईना. आपल्या आईबद्दल एक अख्खं गाणं आहे, त्यात ती चालते, बोलते, आणि ते खोऱ्यातल्या यच्चयावत माणसांना पाठ आहे. एकट्या तिलाच नाही. तिने विचारायला सुरुवात केली. दुकानदाराला विचारलं, तो म्हणाला, "मला येत नाही." टपालवाल्याला विचारलं, त्यालाही येत नव्हतं. झेलाला तर दर वर्षी विचारायची, आणि झेला बटाट्यावरची नजर न काढता म्हणायची, "मला कुठलं येतंय?" ते गाणं रचलं होतं झेलाच्या बापाने, वायली फ्युगेटने. खोऱ्यातला सगळ्यांत चांगला बँजो त्याचा. तो आता मातीखाली होता.

ज्या वर्षी खोऱ्यातली निम्मी घरं ओहायोच्या कारखान्यांकडे निघून गेली, त्या वर्षी झेलाचाही मुलगा तिला न्यायला येणार असं ठरलं. ऑक्टोबर होता. सोमवारी गाडी येणार होती. त्याआधी एका दुपारी झेला आपली बिडाची कढई घेऊन ओसीकडे आली आणि तिने ती टेबलावर आदळली.

"ही तुला. सूनबाईकडे विजेची शेगडी आहे म्हणे. तिच्यावर ही ठेवली तर शेगडीच बसेल."

"माझ्याकडे आहे की."

"तुझी कधी नीट मुरलीच नाही. सगळं चिकटतं तिला. इतकी वर्षं बोलले नाही एवढंच."

"तू बरंच काही बोलली नाहीस," ओसी म्हणाली.

झेला खुर्चीवर बसली. कॉफी ओतली गेली. दोघींनी ती बशीत ओतून फुंकली.

"झेला, तू गेलीस की मला विचारायलाही कोणी उरत नाही. वायलीकाकाचं गाणं तुला येतं."

"मला येत नाही."

"बटाटे सोलताना तू ते तोंडातल्या तोंडात म्हणतेस. मी पाणी घेऊन आत आले की त्याचं खेचर होतं. मला काय कान नाहीत?"

"अगं, कशाला हवंय ते? खुनाचं गाणं आहे ते बाई, अंगाई नव्हे."

"मला एवढंच सांग," ओसी म्हणाली, आणि तिचा आवाज जरा चढला, "माझ्याकडे आईचं काय आहे? फोटो नाही, कंगवा नाही. दगडावर नाव होतं ते पावसाने पुसलं. जे काय शिल्लक आहे ते त्या गाण्यात आहे, आणि ते शाळेतल्या शेंबड्या पोरांकडेसुद्धा आहे. मी त्यांना घेवडा वाढते आणि ती पोरं माझ्या आईवर उड्या मारतात. मी दिसले की गप्प होतात. तुम्ही सगळे मला जपता ना? मला जपून जपून एकटं पाडलंत तुम्ही."

झेलाने बशी बाजूला सरकवली. मग उठली, खिडकीशी गेली, ओसीकडे पाठ केली आणि म्हणायला लागली. तिचा आवाज आता फाटला होता, पण चाल बापाची होती. ओसीने दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि श्वाससुद्धा बेताने घेतला. ऑर्फा मक्यात गेली. एनोस मागून आला. मग कडवं आलं:

हात तिचे गोरे गोरे, केस सोनसळी,
गुडघे टेकून म्हणाली, नको घेऊ बळी

पुढे रक्त होतं, जमीन लाल झाली होती, झाडावर पारवा रडत होता, आणि शेवटी डोंगरच्या पोरींनी नवरा नीट पारखून करावा असा उपदेश होता. गाणं संपलं.

ओसीला रडू आलं नाही. तिला फसवल्यासारखं वाटलं. "केस काळे होते तिचे," ती म्हणाली. "मावशी म्हणायची. आणि हात गोरे कुठले, ती साबण करायची. हे तर कोणाचंही आहे, झेला. पारवा काय, गुडघे काय. यात माझी आई कुठे आहे?"

"गाणी अशीच असतात गं. घेतात इकडचं तिकडचं."

"एवढंच आहे?"

"एवढंच."

पण झेला परत येऊन बसली नव्हती. टेबलापाशी उभी राहून ती कढईच्या काठावरून अंगठा फिरवत होती. कढई स्वच्छ होती, तिच्यावर पुसण्यासारखं काही नव्हतं. इतकी वर्षं एका चुलीपाशी काढल्यावर माणसाचा अंगठाही ओळखू येतो.

"झेला."

"एक कडवं आहे," झेला म्हणाली. "बा ते चारचौघांत म्हणायचा नाही. खळ्यात एकटा मका सोलत बसला की म्हणायचा. मी दाराआडून ऐकलेलं. चालीत बसत नाही. बसवलंच नाही त्याने, जसं होतं तसं ठेवलं." आणि या खेपेला तिने ओसीकडे तोंड करून ते म्हटलं:

थांब एनोस, आधी पोरीला घरात ठेवून येते,
दहिवर पडलंय, पायात काही नाही तिच्या

ओसीने खाली पाहिलं. टेबलाखाली तिचे दोन पाय होते, दोन-दोन लोकरी मोज्यांतले. ती त्यांच्याकडे बघत राहिली. आईचा चेहरा तिला आजही दिसला नाही, पण ती बाई कोण होती ते कळलं. हातात कोयता घेतलेल्या माणसासमोर उभी राहून जिला पोरीच्या पायांचं सुचलं, ती. ओसीच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं आणि तिने ते पुसलं नाही.

मग तिच्या मनात आलं ते तिने विचारलं. "तिथे ती होती, तो होता आणि मी, जिला काही आठवत नाही. ती मेली. तो पुन्हा बोलला नाही. मग हे ऐकलं कोणी?"

झेला बसली. तिला जे सांगायचं होतं ते ती बहुतेक कधीची ठरवून बसली होती, कारण तिने ते न थांबता सांगितलं. वायली त्या सकाळी उसनी नेलेली करवत परत द्यायला आला होता. कुंपणापाशी पोचला तेव्हा आतून दोघांचे आवाज ऐकू आले. आमच्याकडे दुसऱ्याच्या नवरा-बायकोत कोणी पडत नाही. कुंपणाच्या आत ज्याचं त्याचं राज्य. भांडण निवळलं की जाऊ, म्हणून तो तिथेच मक्याआड उभा राहिला. आणि मग निवळायला काही उरलंच नाही.

"तुला मावशीकडे बाने नेलं," झेला म्हणाली. "कोटात गुंडाळून. पाय गारठून निळे झाले होते तुझे, ते त्याने आपल्या काखेत धरले होते. माझ्या आईला सांगायचा, मी ऐकलं नाही अशी समजूत होती त्याची. ते कडवं लोकांत म्हटलं असतं तर कोणीही विचारलं असतं, आत्ता तू विचारलंस तसं. म्हणून त्याने ते म्हटलं नाही. म्हणून मीही म्हटलं नाही."

"धडधाकट दोन हात होते त्याला," ओसी म्हणाली.

"होते."

"कुंपण किती उंच होतं? कमरेएवढं?"

झेलाने मान खाली घातली. ओसी उठली, बश्या उचलल्या आणि त्या धुवायला लागली. तिला इतका राग आला होता, की बशी फुटेल म्हणून ती मुद्दाम हळू धूत होती. मेलेल्या वायलीचा राग, झेलाचा राग, अख्ख्या खोऱ्याचा राग. मागे वळून तिने एवढंच म्हटलं, "बरं झालं तो मेला." झेला शाल घेऊन निघून गेली. कढई टेबलावरच राहिली.

शनिवारी क्लेलच्या आवारात गुऱ्हाळ होतं. क्लेल म्हणजे हल्ली दुकानाच्या ओट्यावर बँजो वाजवायचा तो, चाळिशीचा, गोल चेहऱ्याचा माणूस. दर ऑक्टोबरला त्याच्याकडे गोड ज्वारीची धाटं चरकात घालून काकवी करतात आणि सगळं खोरं जमतं. यंदा झेलाचा निरोपही तिथेच होता. ओसी जाणार नव्हती. सकाळभर ती घरात इकडची वस्तू तिकडे करत राहिली. आपण गेलो नाही तर काय होईल, याचा विचार तिने करून पाहिला. झेला ओहायोला जाईल. तिकडे ती एक दिवस मरेल, आणि ऑर्फा तेवढी सोनेरी केसांची, गोऱ्या हातांची, कोणाचीही अशी होऊन राहील. दुपारी ओसीने शाल घेतली आणि डोंगर उतरली.

वळणावर बँजो ऐकू आला. मग खाकरणं. मग खेचर. अंगणात खरं खेचर चरकाला जुंपलेलं होतं आणि गोल गोल फिरत होतं. चुलाणावर हिरवट रस उकळत होता, पोरं धाटाचा तुकडा बुडवून फेस चाटत होती. झेला लांब दांड्याच्या झाऱ्याने मळी काढत उभी होती. ओसीला बघून तिचा झारा थांबला, मग पुन्हा फिरू लागला.

ओसी क्लेलपुढे जाऊन उभी राहिली. "क्लेल, त्याला जरा विसावा दे."

"कोणाला, ओसीमावशी?" क्लेलने चरकाकडे बघितलं. "आत्ताच पाणी पाजलंय."

"त्याला नाही. गाण्यातल्याला."

क्लेलने तारांवर हात ठेवला. ओसीने पदराशी चाळा करावा तसा शालीचा काठ मुठीत धरला आणि म्हणायला लागली. ऐका डोंगरच्या पोरींनो. एका म्हाताऱ्याने डोक्यावरची हॅट काढली. एका बाईने पोरांना हाक मारली आणि ती जवळ आल्यावर कशाला बोलावलं ते तिला सांगता येईना. नातलगासमोर गायचं नाही एवढंच ठरलेलं होतं. नातलगच गायला लागला तर काय करायचं, हे कोणी ठरवून ठेवलं नव्हतं. तिसऱ्या कडव्याला क्लेलचा बँजो दबकत दबकत तिच्या मागे आला. सोनसळी केसांच्या जागी ओसीने काळे घातले, गोऱ्या हातांच्या जागी रापलेले. यमक मोडलं. मोडलं तर मोडलं.

मग ती त्या कडव्याशी आली. ते कोणालाच येत नव्हतं. बँजो दोन पावलं पुढे गेला आणि एकटा पडून थांबला. ओसीलाही ते चालीवर म्हणता येईना, म्हणून तिने चर्चमधल्या म्होरक्यासारखं केलं. ओळ भरभर म्हणून दिली आणि थांबली.

थांब एनोस, आधी पोरीला घरात ठेवून येते.

कोणी हललं नाही. रस उकळत होता, चरक कुरकुरत होता. ओसी समोर बघत उभी होती. ही ओळ आता इथेच पडून राहणार असं तिला वाटलं, आणि तिला भयंकर एकटं वाटलं, सगळ्या जन्मात वाटलं नव्हतं इतकं.

चुलाणापासून झेलाने ती ओळ उचलली. फाटक्या आवाजात, लांबवून, घोळवून, रविवारी उचलतात तशी. मग हॅट काढलेल्या म्हाताऱ्याने उचलली, मग त्याच्या बायकोने. न येणारं गाणं आमच्याकडे असंच शिकतात, जन्मभराची सवय ती. ओसीने दुसरी ओळ दिली, दहिवराची, आणि या वेळी अख्ख्या अंगणाने ती घेतली. तिच्या आईचे शब्द सत्तर-ऐंशी माणसांच्या तोंडून निघाले आणि बराच वेळ हवेत राहिले.

गाणं संपलं तेव्हा हे शब्द त्या सकाळी कोणी ऐकले असतील ते लोकांच्या ध्यानात येऊ लागलं होतं. एकेक मान झेलाकडे वळली. वायलीची मुलगी झाऱ्याला घट्ट धरून सरळ उभी होती. विचारलं कोणीच नाही.

"मला तिथून वायलीकाकाने उचलून आणलं," ओसी म्हणाली. "कोटात गुंडाळून. ते गाण्यात नाही, म्हणून सांगते." आणखी तिला काही म्हणायचं नव्हतं. माफ केलं असंही तिला म्हणायचं नव्हतं, कारण ते खरं ठरलं नसतं. झेलाने झाऱ्यातली मळी बादलीत टाकली आणि शालीच्या टोकाने डोळे पुसले.

क्लेल बँजोच्या खुंट्या पिळत बसला होता. कोणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं, आणि अंगण त्याचं होतं. "ओसीमावशी," तो म्हणाला, "आता काय वाजवू?"

असं तिला कोणी कधी विचारलं नव्हतं. तिने आठवून पाहिलं, पण तिला एकाही गाण्याचं नाव येत नव्हतं.

"ते खेचराचं सोडून काहीही," ती म्हणाली.

लोक हसले. कोणीतरी एक उलटं खोकं पुढे सरकवलं आणि ओसी त्यावर बसली. क्लेलने जरा विचार केला आणि सुरू केलं. नदीकाठी नेऊन बुडवलेल्या कुठल्यातरी भलत्याच मुलीचं गाणं होतं ते. ओसीने ते माणसांत बसून शेवटपर्यंत ऐकलं.